लॅक्स्टनच्या शिवारात बांधच नाहीत!

रानवाट:
डिसेंबरात नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टनला गेले होते. बघायचं होतं सेंट मायकेलचं चर्च आणि जुन्या गढीचं टेकाड, पण जीव अडकला शिवारात. इंग्लंडात शेत म्हटलं की झुडपांचं कुंपण आलंच. इथे सलग रान, त्यात निरनिराळ्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या, मध्ये ना कुंपण ना बांध. हे टिकलं कसं? आणि शेजाऱ्याने दोन तास (घड्याळाचे नव्हे, नांगराचे) जास्त ओढले तर?

जुनाकागद:
पूर्वी तिकडे बऱ्याच गावांची अशीच सामाईक रानं होती. साधारण १७५० ते १८५० या काळात पार्लमेंटच्या कायद्यांनी ती वाटली गेली, कुंपणं आली. लॅक्स्टनलाही थोडी वाटणी झाली, पण मोठे जमीनदार दोन, मॅनव्हर्स आणि स्कारब्रो. त्यांचं जमेना, काम रखडलं. रखडण्याचा असा फायदा क्वचितच होतो! वेस्ट, साउथ आणि मिल ही तीन रानं अजून आहेत. एकात गहू, एकात वसंतातली पेरणी, एकाला विश्रांती, आणि दरवर्षी पाळी फिरते. मार्क पियर्सने १६३५ साली काढलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तो जरूर बघा, पट्टी न् पट्टी दाखवली आहे.

नांगरधारी:
भांडणाचं मी सांगतो. तिथे ‘कोर्ट लीट’ नावाचं गावचं न्यायालय आजही भरतं. नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला ज्यूरीची मंडळी गव्हाचं रान पायी फिरतात आणि हद्दीवर खुंट्या ठोकतात. रस्त्यात किंवा ‘साइक’ म्हणजे गवताच्या सामाईक पट्ट्यात कुणी नांगर घातला असेल तर नोंद होते. आठवड्याने डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट बसतं, दंड ठरतो. दंड किरकोळच, पण सगळ्या गावासमोर नाव वाचलं जातं, ते जास्त झोंबतं. बांध कोरणाऱ्याला यापेक्षा जालीम औषध मला तरी माहीत नाही.

जुनाकागद:
मालकीचं राहिलंच. १९५२ मध्ये जमीन कृषी मंत्रालयाने घेतली, १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे (राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणारी संस्था) गेली आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेट या खासगी जहागिरीकडे. मालक बदलले, कोर्ट चालूच.

रानवाट:
थांबा, खुंट्या?? मी एका खुंटीला अडखळले होते. ती कलंडली, म्हणून बाजूच्या मऊ मातीत छान घट्ट रोवून आले. आता माझ्यामुळे कुणाला दंड होतोय?