कुजबुज, पुटपुट, कुणकुण : तिन्ही एकच?

मुद्रितशोधक : काल इथे कुणीतरी लिहिलं, "तिन्ही शब्द हळू आवाजाचेच, कुठलाही वापरा." गप्प बसवेना. कुजबुजीला दोघं लागतात, आणि तिसऱ्याच्या कानावर जाऊ नये ही इच्छाही. पुटपुटायला एकटा पुरतो. ओठ हलतात, शब्द अर्धे तोंडातच राहतात. कुणकुण तर 'लागते'. बदलीची कुणकुण लागली म्हणजे सुगावा लागला. 'सभागृहात कुणकुण सुरू झाली' ही चूकच, तिथे कुजबुज हवी.

सांगलीकर : 'तो स्वतःशीच कुजबुजला' असं सर्रास लिहितात, वाचणाऱ्याला कळतंही. उगाच कुंपणं घालू नका.

मुद्रितशोधक : कळतं, पण आवाज चुकीचा ऐकू येतो. गळ्यावर दोन बोटं ठेवून कानात सांगितल्यासारखं बोला. कंप लागणार नाही. स्वरतंतू थरथरत नाहीत, नुसती हवा घासत जाते. आता देवापुढे पुटपुटतात तसं स्तोत्र म्हणा. बोटांना थरथर लागेल.

पिंपळपान : त्यापेक्षा 'सळसळ' वाचवा! पान हललं की सळसळ लिहून मोकळे होतात. पिंपळ सळसळतो, कारण देठ लांब आणि पान पातळ; जराशा वाऱ्यात पानावर पान घासतं. सागाचा वाळका पाचोळा पायाखाली चुरतो, ती सळसळ कशी?

सांगलीकर : त्याच पाचोळ्यातून साप गेला तर?

पिंपळपान : तर सळसळच. साप पानं चुरत नाही, त्यांवरून सरकतो. रेशमी पदराचंही तेच. घासणं, सरकणं हवं.

सांगलीकर : मग 'सळसळतं रक्त' यात काय घासतं? तुमचे नियम तुम्हालाच पुरत नाहीत! रुणझुण म्हटलं की सगळ्यांना पैंजण आठवतात, पण ज्ञानेश्वरांच्या विराणीत 'रुणुझुणु' भ्रमराला म्हटलंय. तेही खोडणार का?

मुद्रितशोधक : मुळीच नाही. भ्रमराचा नाद तिथे कानाला पटतो. रक्ताचंही मान्य, तिथे आवाज गेला आणि चैतन्य उरलं. पण अर्थ सरकला म्हणून शब्द अदलाबदलीचे होत नाहीत. 'आट' लावून पाहा : किलबिलीचा किलबिलाट होतो, खळखळीचा खळखळाट. कुजबुजाट कुणी म्हणतं? आवाज वाढला की कुजबुज संपतेच.

सांगलीकर : बरं, सभागृहातली कुणकुण सोडली. 'स्वतःशीच कुजबुजला' मात्र लिहिणारच.

मुद्रितशोधक : माझ्याकडे मुद्रित आलं तर 'पुटपुटला' करीन.