मदत हवी आहे: दुपारी लाइट गेल्यावर पग कुत्र्याला कसं सांभाळायचं?

चंद्रपूरला राहते. सगळ्यात वरचा मजला, स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला. आमचा गोल्या सहा वर्षांचा पग. कूलर चालू असला की त्याच्यासमोर फरशीवर पोट टेकून निवांत पडतो. लाइट गेली की हाल सुरू.

परवा रविवारी दोनला लाइट गेली. अर्ध्या तासात त्याची धाप थांबेना. जीभ पार बाहेर, टोकाशी पसरलेली, लाळ चिकट होऊन लोंबत होती. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या लालबुंद. मी घाबरून टॉवेल ओला केला आणि अंगावर पांघरला. दहा मिनिटांनी टॉवेलखाली हात घातला तर आत भट्टी. उठवायला गेले तर मागचे पाय लटपटले. रिक्षाने दवाखान्यात नेलं, ताप १०६ फॅरनहाइट. सलाईन लावलं, रात्री घरी आणला.

आता २५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. लाइट जाणारच. अशा वेळी आधी काय करायचं? शेजारच्या काकू म्हणतात केस काढून टाक. बर्फ चालतो का? रविवारपासून माझी झोप उडाली आहे, कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद १
ताई, आमच्याकडे नागपुरात पगच आहे, नऊ वर्षांचा. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते उष्णता बाहेर काढतं. पगचं नाक चपटं, म्हणून तिथेच अडतं. ओला टॉवेल पांघरला की वाफ आत कोंडते. टॉवेल खाली अंथरा. पोटावर, जांघेत, काखेत, पंजांवर साधं पाणी ओतत राहा आणि वारा घाला, पुठ्ठ्याने का होईना. वाऱ्याशिवाय नुसतं पाणी फारसं कामाचं नाही. पण आपल्याकडे दुपारी टाकीचं पाणी कढत येतं, त्यामुळे सकाळीच दोन बादल्या भरून घरात सावलीत ठेवा. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नका. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, नाकावर तर अजिबात नको. ताप १०३ पर्यंत उतरला की ओतणं थांबवा, नाहीतर अंग नको तितकं गार पडतं. आणि आधी गार करायला घ्या, मग दवाखाना. रिक्षात खिडकी उघडी ठेवून ओलाच न्या.

केस काढू नका. रोज विंचरून सुटे केस काढा, तेवढं पुरे. वजन जास्त असेल तर तेही बघा, जाड पगला फार त्रास होतो. पहिला पाऊस पडून गेला की आणखी जपा. हवा दमट झाली की कूलरही कामाचा राहत नाही आणि धापाही.

प्रतिसाद २
एक विचारायचं राहिलंय. रविवारनंतर तो लघवी नीट करतोय का? शीचा रंग कसा आहे? ऊन लागल्यावर किडनीचा, रक्ताचा त्रास कधी कधी दोन-तीन दिवसांनी दिसतो. उलटी, काळी शी, अंगावर लाल ठिपके, यातलं काही?

धागाकर्ती
काल संध्याकाळी शी काळपट, डांबरासारखी होती. मला वाटलं औषधाने झाली असेल. आत्ता पोटावरचे केस बाजूला करून पाहिलं, बारीक लाल ठिपके आहेत. बाटलीत पाणी आणि पुठ्ठा घेतलाय, निघतेच. रक्त तपासायला सांगते.