‘केल्टिक नॉट’ला मराठीत गाठ म्हणावं का?

अनुस्वार
एकमेकांत गुंफलेल्या पट्ट्यांच्या नक्षीला इंग्रजीत ‘केल्टिक नॉट’ म्हणतात. नक्षीकामावरच्या मराठी मजकुरात तिच्यासाठी ‘केल्टिक गाठ’ हा शब्द सर्रास दिसतो. तो बरोबर आहे का? शिवाय ‘वाल्कनुट’ हे तीन त्रिकोणांचं चिन्ह म्हणजे ‘रणात पडलेल्यांची गाठ’ आणि ‘वेग्वीसिर’ हे आइसलँडमधलं चिन्ह म्हणजे ‘वायकिंगांचं होकायंत्र’ असंही छापतात. हे अर्थ कितपत जुने?

तिपेडी
गाठ नकोच. गाठीला टोकं असतात. ती मारतात, सोडवतात. या नक्षीतला पट्टा फिरून स्वतःलाच मिळतो. रचना पाहिली तर ही वेणी आहे, मुद्दाम जागोजागी तोडलेली. म्हणून ‘वेणीनक्षी’.

काढून बघितलं की पटेल. १० मिमी बाजूचे चौकोन, आडवे ३ आणि उभे ४. दोन चौकोनांमधल्या प्रत्येक सामाईक बाजूच्या मध्यावर ठिपका द्या. १७ ठिपके होतात, तेच छेद. त्यांतून ४५ अंशांच्या तिरप्या रेषा ओढा आणि चौकटीच्या कडेला पोचल्या की आत वळवा. बंद फेरे किती निघतील ते आधीच सांगता येतं: दोन्ही आकड्यांचा मसावि काढायचा. ३ आणि ४चा मसावि १, म्हणून एकच सलग रेषा. ४ × ६ घेतलं तर २ फेरे, ३ × ३ घेतलं तर ३.

आता तोड. एखादा छेद खोडायचा आणि तिथल्या दोन रेषा एकमेकींना न ओलांडता वळवायच्या, आडव्या किंवा उभ्या. दोन वेगळ्या फेऱ्यांच्या छेदावर तोड दिली तर ते हमखास एक होतात. एकाच फेऱ्याच्या स्वतःशी झालेल्या छेदावर दिली तर मात्र सांभाळा: एका दिशेच्या तोडीनं फेरा सलग राहतो, दुसऱ्या दिशेच्या तोडीनं त्याचे दोन होतात.

सगळ्यात जास्त चुका खाल-वर करताना, म्हणजे छेदावर कुठला पट्टा वरून जाणार ते ठरवताना होतात. पट्ट्याचा माग काढत ‘वरून, खालून’ म्हणत गेलं की कुठेतरी दोनदा ‘वरून’ येतं आणि पुढचं सगळं उलटं पडतं. त्यापेक्षा ओळीनं जा. छेदांच्या पहिल्या आडव्या ओळीत उजवीकडे चढणारा पट्टा वर, दुसऱ्या ओळीत डावीकडे चढणारा वर, तिसरीत पुन्हा पहिल्यासारखं. तोडी कितीही असोत, हा नियम मोडत नाही. शेजारच्या समांतर रेषांमध्ये सुमारे ७ मिमी अंतर मिळतं. पट्टा ४ मिमी ठेवा. ६ केलात तर मधली जमीन बुजते आणि वीण दिसतच नाही.

वेलबुट्टी
‘वेणीनक्षी’ आवडला. पण मग ‘केल्टिक’ तरी का ठेवायचं? इसवी सनापूर्वीच्या युरोपातल्या केल्ट लोकांची ला तेन शैली म्हणजे वळसे, पानं, तुतारीसारखे फुगीर आकार. गुंफलेले पट्टे त्याआधीच रोमन फरसबंदीत होते. ब्रिटन-आयर्लंडच्या बेटांवरच्या हस्तलिखितांत ते सातव्या शतकापासून बहरले. लिंडिसफार्नची पोथी तर नॉर्थम्ब्रियातली, म्हणजे अँग्लो-सॅक्सन राज्यातली. अभ्यासक या शैलीला ‘बेटांवरची’ म्हणतात ते उगाच नाही. साधारण ८००च्या केल्सच्या पोथीतही अमुक वेणी म्हणजे प्रेम, तमुक म्हणजे शक्ती असं कुठे लिहिलेलं नाही. ते अर्थ दागिन्यांच्या दुकानातले.

आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या कबरीवरच्या तिहेरी वळशाचंही तसंच. ती कबर इ.स.पू. ३२०० च्या सुमाराची, केल्टांच्या कितीतरी आधीची. त्याला लावलेलं ‘ट्रिस्केल’ हे नाव ग्रीक: तीन पायांचं. शब्दाची घडण थेट आपल्या ‘तिपाई’सारखी!

धातुपाठ
वाल्कनुटकडे येतो. ‘वाल्’ म्हणजे रणात पडलेले (वाल्किरी, वाल्हाला यांतला तोच) आणि ‘क्नुट’ म्हणजे गाठ. फोड ठीक आहे, पण जुन्या नॉर्स (वायकिंगांच्या भाषेतल्या) साहित्यात या चिन्हाला हे नाव कुठेच नाही. ते आधुनिक नॉर्वेजियनमधून आलं, आणि तिथे ‘वाल्कनुटे’ म्हणजे विणकामातली वेगळीच नक्षी: चारही कोपऱ्यांवर फास असलेला चौकोन. मॅकच्या कळफलकावर १९८४पासून कमांड कळीवर आहे तीच.

चिन्ह मात्र जुनं, यात वाद नाही. स्वीडनमधल्या गोटलंड बेटाच्या स्टोरा हम्मार्स शिळेवर आहे, नॉर्वेत ८३४ मध्ये पुरलेल्या ओसेबर्ग जहाजातल्या पलंगाच्या खांबावरही आहे. ओडिन या नॉर्स देवाशी नातं जोडतात ते सोबतच्या चित्रांवरून, लेखी पुराव्यावरून नव्हे.

वेग्वीसिर तर १८६०चं. आइसलँडमधल्या हुल्द हस्तलिखितात ते येतं. वायकिंग काळ संपून तोवर आठशे वर्षं झाली होती. शब्द मात्र आपल्या नात्यातला: ‘वेगुर’, म्हणजे वाट, संस्कृत ‘वह्’चा भाऊबंद, म्हणजे ‘वाहन’ही त्याच घरचं. ‘वीसिर’, म्हणजे दाखवणारा, ‘विद्’च्या कुळातला. ‘वाटदर्शक’ म्हणा, होकायंत्र नको, त्यात सुई नाही.

अनुस्वार
मग वाल्कनुटचं वर्णन ‘एकमेकांत अडकवलेले तीन त्रिकोण’ असं केलं तर चालेल?

तिपेडी
‘अडकवलेले’ म्हटलं की साखळी डोळ्यांसमोर येते. तीन सुट्या त्रिकोणांच्या प्रकारात कुठलेही दोन एकमेकांत अडकलेले नसतात, तिघे मिळूनच धरून राहतात. एक कापला की उरलेले दोन सुटतात. साखळीत तसं होत नाही. दुसरा प्रकार एकाच सलग रेषेचा, तिथे तर त्रिकोण नुसते भासतात. पहिल्याला ‘परस्परांत गुंफलेले तीन त्रिकोण’, दुसऱ्याला ‘एकरेषी’. खाली चित्र द्याच, कारण खाल-वरचा एक छेद चुकला तरी पहिला प्रकार मोडतो.