'ॲम्बिग्युइटी'ला संदिग्धता म्हणावं का?

सुलभा: उपग्रहाधारित मोजणीचं एक प्रशिक्षण-पुस्तक मराठीत आणते आहे. 'कॅरिअर फेज ॲम्बिग्युइटी रिझॉल्व्ह करणे' याला मी 'वाहक-कलेतील संदिग्धतेचे निराकरण' असं लिहिलं. रोज रिसीव्हर हाताळणाऱ्या एकाने कच्चा मजकूर वाचून विचारलं, "संदिग्ध काय आहे? यंत्र बिघडलंय का?" कोशात तर हाच शब्द आहे. दुसरा सुचवाल का?

विनायक: संदिग्ध असतं ते बोलणं, ज्यातून दोन अर्थ निघतात. इथे तसं नाही. जीपीएसच्या एल-१ लहरीची लांबी साधारण १९ सेंटिमीटर. लहर आत्ता कुठल्या टप्प्यात आहे, म्हणजे तिची फेज, हे रिसीव्हर काही मिलिमीटरपर्यंत मोजतो, पण उपग्रहापासून इथवर अख्ख्या लहरी किती बसल्या ते त्याला कळत नाही. ती संख्या ठरलेलीच असते, आपल्याला ठाऊक नसते एवढंच. सरळ 'अज्ञात पूर्णांक' लिहा.

मोजणीदार: विनायकराव, अज्ञात म्हणाल तर बिंदूचे निर्देशांकही अज्ञातच असतात. फिल्डवर आम्ही 'अजून फ्लोट आहे, थांब' नाहीतर 'फिक्स आला' म्हणतो. फ्लोट म्हणजे गणितात ती संख्या ४१.३ अशी अपूर्णांकात लटकलेली. फिक्स म्हणजे ४१ वर बसवली.

माझी खरी हरकत 'निराकरण'वर आहे. निराकरण म्हटलं की शंका फिटली. पण फिक्स चुकीचाही पडतो! स्क्रीनवर सेंटिमीटरची अचूकता दिसते आणि बिंदू वीतभर सरकलेला असतो. झाडाखाली, भिंतीजवळ तर हा धोका जास्तच. शिकणाऱ्याला हे शब्दातूनच कळायला हवं. 'पूर्णांक निवडणे' म्हणा. निवड चुकू शकते हे कुणालाही कळतं.

मृणाल: संदिग्ध इतक्या लवकर टाकू नका. 'दिह्' म्हणजे माखणे, दिग्ध म्हणजे माखलेलं. संदेहही त्याच धातूचा. मला तर शब्द चपखल वाटतो. निरनिराळ्या उपग्रहांच्या पूर्णांकांतल्या चुका एकमेकींत माखलेल्याच असतात. डेल्फ्टच्या टाउनिसेन यांनी १९९०च्या दशकात मांडलेली लॅम्डा पद्धत आधी त्या शक्य तितक्या सुट्या करते आणि मगच पूर्णांक शोधते.

मोजणीदार: व्युत्पत्ती सुंदर आहे, पण वाचणाऱ्याच्या कानाला संदिग्ध म्हणजे गोलमाल.

ठेकेदार तबल्याचा: आवर्तन का नको? मैफलीला उशिरा आलेला जाणकार ठेका ऐकून कितवी मात्रा चालू आहे ते लगेच ओळखतो, पण आधी किती आवर्तनं होऊन गेली हे त्याला सांगता येत नाही. हुबेहूब हाच प्रश्न आहे. 'आवर्तन-संख्या' घेतलीत तर सायकल स्लिपला, म्हणजे सिग्नल तुटून अख्ख्या लहरींची मोजणी चुकते त्याला, 'आवर्तन निसटणे' आपोआप मिळतं.

विनायक: आवर्तन-संख्येला माझं मत. पण सुलभाताई, 'वाहक-कला' बदला. कोन मोजताना कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. मोजणीच्याच पुस्तकात दोन्ही आले तर गोंधळ. फेजसाठी 'प्रावस्था' घ्या.

मृणाल: प्रावस्था कुणाच्या तोंडी आहे? चंद्रकला सगळ्यांना ठाऊक आहेत. कलांतर, म्हणजे दोन लहरींच्या फेजमधला फरक, हा शब्द तर पाठ्यपुस्तकातही आहे.

मोजणीदार: फेज ठेवा की. थ्री-फेज आपण म्हणतोच.

विनायक: फेज, फ्लोट, फिक्स, सगळंच ठेवायचं तर भाषांतर कशाचं केलं?

मोजणीदार: वाक्यांचं. शिकाऊ माणूस अडतो तो समजावणीत. फ्लोट हा शब्द त्याला यंत्रावर रोज दिसतो.

सुलभा: 'पूर्णांक निवडणे' आणि 'आवर्तन-संख्या' दोन्ही टिपून ठेवलेत. पण 'आवर्तन-संख्या निवडणे' म्हटलं तर आपल्या मर्जीने निवडतोय असं वाटतं. 'निश्चित करणे' म्हटलं तर मोजणीदारांची हरकत तशीच राहते.

मोजणीदार: राहतेच. आणि त्याच प्रकरणात पुढे 'वाइड-लेन' येईल. एल-१ आणि जीपीएसचीच दुसरी लहर एल-२ यांच्या वजाबाकीतून सुमारे ८६ सेंटिमीटरची लहर मिळते आणि तिचा पूर्णांक पकडणं सोपं जातं. तिथे 'रुंद मार्गिका' लिहू नका, लोक रस्ता समजतील.

मृणाल: 'दीर्घलहर'?

विनायक: ती रेडिओची.