सगळ्या शाळांनी मिळून वाचन सुधारायचंय, सुरुवात कुठून करू?

खडूफळा: आमच्या भागातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक आता दर महिन्याला एकत्र बसणार, मुलांचं वाचन-लेखन सुधारायला. पहिली मीटिंग झाली, सगळा वेळ कुठला फॉर्म भरायचा यातच गेला. टाइमपास होऊ नये म्हणून काय करावं?

रेघोट्या: फॉर्म ठेवा बाजूला. मुलांच्या वह्यांतली पानं आणा, नावं झाकून, आणि एकच पान सगळ्यांनी वेगवेगळं तपासा. एकाने ‘छान’ म्हटलेलं दुसऱ्याला कच्चं वाटतं, मग खरी चर्चा सुरू होते बघा.

जुनामास्तर: +१. आणि मूल नेमकं अडतंय कुठे ते बघा, गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्येच मांडलंय की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं, एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. धडाधड वाचणाऱ्या पोराला गोष्टीत काय झालं विचारा, कधीकधी नुसतं बघत बसतं. त्याला परत बाराखडी गिरवायला लावून काय उपयोग?

खडूफळा: भारी! पण विज्ञान-गणितवाले म्हणतात हे भाषेच्या बाईंचं काम.

रेघोट्या: त्यांना शाब्दिक उदाहरणं घेऊन बोलवा, पोरं बऱ्याचदा बेरजेत नाही, वाक्यातच अडकलेली असतात :)