बुलेट ट्रेनची बरकत कोणाच्या पदरात?

विरारकर (धागाकर्ता): मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या 508 किलोमीटरच्या मार्गावरील बारा स्थानकांपैकी वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर ही चार महाराष्ट्रात आहेत. गाडी आली की वाटेवरच्या गावांची भरभराट होणारच, हे गृहीतक मला पटत नाही. जपानमध्ये 1964 साली टोकियो-ओसाका शिंकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, सुरू झाली आणि पुढच्या काळात ओसाकातील अनेक कंपन्यांनी आपली मुख्यालये टोकियोला नेली. मोठे शहर लहानाला असे शोषून घेते, त्याला तिथे ‘स्ट्रॉ’ची उपमा देतात.

हिशेबी: मुख्यालये हलली ती केवळ गाडीमुळे नव्हे, मंत्रालये आणि मोठ्या बँका टोकियोत होत्या, हे आपण सोडून दिलेत. उलट उदाहरण स्पेनचे घ्या. 1992 साली सुरू झालेल्या माद्रिद-सेविया मार्गावर सिउदाद रेआल हे लहानसे शहर आहे, आणि माद्रिद तासाभरावर आल्यामुळे तिथले लोक गाव न सोडता रोज राजधानीत नोकरीला जाऊ लागले.

हिरेदलाल: मी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारात बसतो. हिऱ्यांना पैलू पडतात सुरतेत, सौदा होतो इथे. खिडकीपाशी कागदाची पुडी उलगडून, डोळ्याला भिंग लावून माल पारखल्याशिवाय भाव ठरत नाही, त्यामुळे माणसाला यावेच लागते. 2023 मध्ये सुरतेत प्रचंड हिरेबाजार उभा राहिला, तरी मुंबईचे बहुतेक व्यापारी हलले नाहीत. परंतु सकाळी येऊन संध्याकाळी सुरतेला परतता आले, तर इथल्या महागड्या कार्यालयाचे भाडे कोण भरील? विरारकर, आपली स्ट्रॉ मुंबईलाच लागायची!

विरारकर: आपला मुद्दा बिनतोड आहे, मुंबई नेहमी ओढणारीच असेल हे मी उगाच धरून चाललो होतो. सिउदाद रेआलबाबत मात्र शंका उरते, कारण रोजच्या नोकरदाराला परवडेल असा पास असल्याशिवाय तसे घडत नाही.

हिशेबी: पासाचे मान्य. पण भाड्याइतकाच स्थानकापर्यंतचा प्रवास महत्त्वाचा आहे. ‘ठाणे’ नावाचे स्थानक दिव्याजवळ म्हातार्डीला होते आहे; ठाणे शहरातल्या नौपाड्याच्या माणसाने आधी लोकलच्या गर्दीत शिरून दिवा गाठायचे असेल, तर ताशी 320 किलोमीटरचा वेग त्याच्या काय कामाचा?