व्हेलॉसिटी वाढवली की टोनच बदलून राहिला, काहून?

महालचा_कीबोर्ड: भाऊ, मंडळाच्या आरतीचा मिडी ट्रॅक (म्हणजे आवाज नाही, कोणती नोट कधी, किती जोरात वाजवायची ते आकडे) बनवून राहिलो. पियानोची व्हेलॉसिटी ६० वरून ११० केली तर आवाज वाढलाच पण टोनही कडक झाला, आणि तोच पार्ट ऑर्गनवर टाकला तर काहीच फरक नाही. व्हॉल्यूम न् व्हेलॉसिटी एकच नं?

धरमपेठ_सिंथ: नाही राजा. व्हेलॉसिटी म्हणजे बटन किती जोरात दाबलं तो आकडा, १ ते १२७, प्रत्येक नोटसोबत वेगळा जातो. त्याचं काय करायचं ते वाद्य ठरवते. चांगल्या पियानोत हळू, मध्यम, जोरात असे वेगळे सॅम्पल रेकॉर्ड केलेले असतात, खऱ्या पियानोत हातोडी जोरात बसली की त्याच नोटमधले वरचे उपस्वर जास्त निघतात म्हणून आवाज उजळ होते, तेच तुला ऐकू येऊन राहिलं. सिंथमध्ये बहुतेक फिल्टर उघडते, त्यानंही आवाज उजळ होते. नुसता आवाज वाढवायचा तर सीसी ७ (मिडीतला व्हॉल्यूमचा कंट्रोल) वापर.

इतवारी_हार्मोनियम: ऑर्गनचं बरोबरच आहे नं, पेटीतही बटन आपटून आवाज वाढत नाही, भात्यानं वाढते. त्यासाठी सीसी ११ एक्स्प्रेशन, भात्यासारखं हळूहळू चढव-उतरव, आरती एकदम जिवंत वाटते.

धरमपेठ_सिंथ: अन् व्हेलॉसिटी ० नको टाकू, नोट-ऑनमध्ये (नोट सुरू करायच्या संदेशात) ० म्हणजे नोट बंद.

महालचा_कीबोर्ड: मस्त भाऊ! मग तबल्याच्या समेला ११० अन् मधले बोल ७०-८५ मध्ये खालीवर ठेवू का?

इतवारी_हार्मोनियम: ठेव, पण कानानं ठरव, प्रत्येक वाद्यात सॅम्पलची लेयर (हळू-मध्यम-जोरातचा थर) वेगळ्या आकड्यावर बदलते.